ड्रायव्हरने मेमरी कशी मागावी

१९९०च्या दशकात, डॉसवर शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांपुढे ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण हाताळणाऱ्या प्रोग्रामच्या, मेमरीचा प्रश्न टीएसआरच्या रूपाने आला. त्यांना इथवर आणणाऱ्यांत नागपूरचे यशवंत कानेटकर ठळक होते. त्यांच्या ‘लेट अस सी’ने सी भाषा देशभरच्या महाविद्यालयांत पोहोचवली, ‘रायटिंग टीएसआर्स थ्रू सी’ हे त्यांचे पुस्तक मात्र थेट यंत्रणेच्या पोटात शिरणाऱ्यांसाठी होते.

टीएसआर म्हणजे काम संपल्यावरही मेमरीत ठाण मांडून बसणारा आणि इंटरप्ट, म्हणजे तातडीचा इशारा, आला की जागा होणारा प्रोग्राम. ड्रायव्हरची बहुतेक दुखणी त्यात होती. डॉसचे एक काम अर्धवट असताना त्यालाच दुसरे सांगता येत नसे. त्यामुळे इंटरप्टच्या मधोमध डॉसकडे मेमरी मागितली तर यंत्र गोठण्याची भीती असे. उपाय साधा होता. लागणारी जागा आधीच बांधून ठेवायची आणि टर्बो सीच्या ‘कीप’ फंक्शनला १६ बाइटांच्या पॅराग्राफांत तिचा आकडा द्यायचा. मेमरी मागण्यासाठी वर्गात शिकलेला ‘मॅलॉक’ इथे निरुपयोगी ठरे.

डॉसपलीकडे, युनिक्सच्या कर्नलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला, मेमरी वाटण्याची स्वतःची व्यवस्था लागली. १९८८ साली मॅककुसिक आणि कॅरेल्स यांनी बीएसडीसाठी एक पद्धत मांडली. १९९४ मध्ये जेफ बॉनविक यांची ‘स्लॅब’ पद्धत सोलॅरिस २.४ मध्ये आली. पुढे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक डी. एम. ढमढेरे यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील पाठ्यपुस्तकातही या दोन्ही पद्धती आल्या.

लिनक्सने मागणीची वेळच मागणीत लिहायला लावली. कर्नलमध्ये मेमरी देणाऱ्या ‘केमॅलॉक’ फंक्शनला ‘जीएफपी_कर्नल’ दिले तर मेमरी मोकळी होईपर्यंत ते झोपू शकते. इंटरप्टमध्ये झोप चालत नाही, तिथे ‘जीएफपी_अॅटॉमिक’ हवे. ही निवड चुकली तरी संगणक कित्येक दिवस बिनतक्रार चालू शकतो, म्हणून ती चूक फार वाईट.

दुसरा सापळा गुणाकाराचा. १६ बाइटांच्या २६,८४,३५,४५७ नोंदींसाठी जागा मागितली, तर ३२-बिट गुणाकार उलटून उत्तर अवघे १६ येते. फंक्शन निमूटपणे १६ बाइट देते आणि पुढचे लेखन शेजाऱ्याच्या मेमरीत होते. नोंदींची संख्या बाहेरून येत असेल, तर हल्लेखोराला याहून सोपी वाट नको. गुणाकार तपासणारे ‘केमॅलॉक_अॅरे’ लिनक्समध्ये २०१२ साली, ३.४ आवृत्तीत आले. ‘केकॅलॉक’ जागा शून्यांनी भरूनही देते.

शून्य भरण्याचे कारण वेगळे. नव्याने मिळालेल्या जागेत आधीच्या मालकाचे उरलेसुरले असते. ते वापरकर्त्याकडे गेले, तर कर्नलमधली गुपिते बाहेर पडतात. ‘केझॅलॉक’ जागा शून्यांनी भरून हाच धोका टाळते.

विंडोज एनटी १९९३ मध्ये आली, तेव्हापासून तिच्यात पेज्ड आणि नॉनपेज्ड असे मेमरीचे दोन साठे (पूल) आहेत. डिस्कवर जाऊ शकणारी पेज्ड मेमरी वरच्या इंटरप्ट पातळीवर वापरली आणि ती त्या वेळी डिस्कवर गेलेली असली, तर निळा पडदा ठरलेला. नॉनपेज्ड पूल दीर्घकाळ कोड चालवण्यालायकही होता. घुसवलेला कोड तिथून चालू नये म्हणून २०१२ च्या विंडोज ८ ने वेगळा प्रकार दिला. तरीही जागा कोरी करण्याची जबाबदारी ड्रायव्हर लिहिणाऱ्याचीच राहिली आणि ती सहज विसरली जाई.

२०२० च्या विंडोज १० आवृत्ती २००४ मध्ये ‘एक्सअॅलोकेटपूल२’ आले. ते मुळातच शून्य भरलेली जागा देते. कोरी न केलेली हवी असेल, तर तसे वेगळे निशाण लावावे लागते. मोठे बफर सतत घेणाऱ्या आणि लगेच पूर्ण भरणाऱ्या ड्रायव्हरला ती सूट उपयोगी पडते, कारण शून्य भरायलाही वेळ लागतो. जुन्या विंडोजवरही चालायचे असेल, तर ‘एक्सअॅलोकेटपूलझिरो’ आहे. जागा न मिळाल्यास हाती येणारा रिकामा पॉइंटर तपासण्याचे काम मात्र डॉसच्या काळाप्रमाणेच प्रोग्रामरकडे आहे.