संकेतस्थळाची आशयरचना व शोधसुलभता

संकेतस्थळावरील मजकुराचे वर्ग पाडणे, त्यांना नावे देणे, त्यांची उतरंड लावणे आणि त्या मांडणीत वाचकास इष्ट मजकूर कितपत सहज सापडतो हे मोजणे, या व्यवहारांचे शास्त्र. अमेरिकी वास्तुविशारद रिचर्ड सॉल वुर्मन यांनी १९७०–८० या दशकात माहितीच्या रचनेस वास्तुरचनेचा दर्जा दिला. लुइस रोझेनफेल्ड व पीटर मॉरव्हिल यांच्या १९९८ च्या ग्रंथाने तो विचार संकेतस्थळांच्या क्षेत्रात रूढ केला.

पूर्वपीठिका : या शास्त्राची मुळे ग्रंथालयशास्त्रात आहेत. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाच्या वेळेची बचत करण्याविषयी असून, शोधसुलभतेच्या आजच्या मोजमापांमागील तत्त्व तेच होय. १९३३ मधील त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयास एकाच शाखेशी जखडून न ठेवता त्याचे अंगोपांगांत पृथक्करण करण्याची तजवीज होती. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल ही पाच मूलभूत अंगे पुढे त्यांनीच निश्चित केली. विक्रीच्या संकेतस्थळांवर रंग, आकार, किंमत असे स्वतंत्र निकष लावून यादी आटोपशीर करण्याची जी सोय असते, तिच्या मुळाशी हीच दृष्टी आहे, आणि तिचे श्रेय रंगनाथनांना निःसंशय द्यावयास हवे.

रचना : मजकुराचे विषय कार्डांवर लिहून वाचकांकडूनच त्यांचे गट पाडून घेण्याच्या रीतीस कार्ड सॉर्टिंग म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळासाठी १९९४ मध्ये वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी ती योजिली होती. सहभागी किती असावेत याविषयी एकमत नाही. नील्सन पंधरा पुरेसे मानतात, तर काही अभ्यासक वीस ते तीस सुचवितात.

मापन : चित्रे, रंग व शोधपेटी वगळून केवळ शीर्षकांची उतरंड वाचकापुढे ठेवावयाची व तीत उत्तर कोठे सापडेल ते दाखवावयास सांगावयाचे, ही ट्री टेस्टिंगची पद्धत होय. कार्डांच्या साहाय्याने करावयाची तिची आरंभीची रीत ऑस्ट्रेलियातील डॉना स्पेन्सर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. प्रश्नाची शब्दयोजना हे येथील सर्वांत नाजूक काम. उदाहरणार्थ, महसूल खात्याच्या उतरंडीत ‘फेरफार’ व ‘वारसनोंद’ ही शीर्षके असतील, तर ‘वारसनोंद कोठे होते?’ असे विचारल्यास वाचक केवळ शब्दास शब्द जुळवितो आणि परीक्षण निष्फळ ठरते. ‘वडील वारले, जमिनीवर आता तुमचे नाव लागावयास हवे, तर कोठे पाहाल?’ असे विचारावे. उत्तर कितींना सापडले, मागे न फिरता कितीजण तेथवर पोचले आणि किती वेळ लागला, या तीन गोष्टींची नोंद ठेवतात. पहिली निवड चुकली की पुढे यश मिळण्याचा संभव बराच घटतो; म्हणून तिची दखल स्वतंत्रपणे घेतात. बहुसंख्य वाचक एकाच चुकीच्या शाखेत शिरत असतील, तर दोष वाचकांचा नसून शीर्षकाचा समजावा.

शासकीय संकेतस्थळे : कचेरीच्या खात्यांप्रमाणे मजकूर लावण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. याउलट ब्रिटनने २०१२ मध्ये नागरिकांच्या गरजांवर आधारलेले एकत्रित शासकीय संकेतस्थळ सुरू केले.

शोधपेटी : आशय विपुल असल्यास आवश्यक, मात्र ती उतरंडीची जागा घेऊ शकत नाही.