अनइन्स्टॉल करूनही जुनी सेटिंग्ज परत कुठून येतात?

कॉम्प्युटरवरचा एखादा प्रोग्राम बिघडला की बहुतेक जण एकच उपाय करतात. तो काढून टाकायचा आणि पुन्हा इन्स्टॉल करायचा. एवढा खटाटोप करून प्रोग्राम उघडावा, तर समोर तोच जुना टूलबार, अलीकडे उघडलेल्या फाईल्सची तीच यादी आणि तोच बिघाड. मग 'व्हायरस असेल'पासून 'सरळ फॉरमॅट मार'पर्यंत सल्ले यायला लागतात. फॉरमॅट मारला की दोन दिवसांनी लक्षात येतं, फोटो आणि डॉक्युमेंट्स कॉपी करून ठेवले होते, पण दुसरंही बरंच काही होतं आणि ते कायमचं गेलं.

या दोन्ही प्रकारांचं कारण एकच आहे. ज्याला आपण 'प्रोग्राम' म्हणतो, ती एका जागी असलेली एक वस्तू नसते. प्रोग्रामचा मूळ कोड डिस्कवर एका ठिकाणी असतो, तुम्ही केलेली सेटिंग्ज दुसऱ्या ठिकाणी आणि तुमच्या फाईल्स तिसऱ्या ठिकाणी. शिवाय प्रोग्राम चालू असताना त्याचं चालतं रूप मेमरीत, म्हणजे रॅममध्ये असतं. त्याला प्रोसेस म्हणतात. अनइन्स्टॉल केल्यावर यातला पहिला भाग नक्की जातो, बाकीचे बहुतेक वेळा जागच्या जागी राहतात.

सेटिंग्ज नेमकी राहतात कुठे?

विंडोजच्या सुरुवातीच्या काळात सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाईल्समध्ये असत. त्यांच्या नावाच्या शेवटी 'आयएनआय' असे. नोटपॅडमध्ये उघडून कुणीही त्या वाचू शकत असे. पण प्रत्येक प्रोग्राम आपली फाईल वाटेल तिथे ठेवायचा, काही तर विंडोजच्या स्वतःच्या फाईलमध्येच भर घालायचे. यावर उपाय म्हणून रजिस्ट्री आली. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ती अगदी छोटी होती, १९९५ च्या विंडोज ९५ पासून ती सेटिंग्जचं मुख्य कोठार झाली. रजिस्ट्रीत एक भाग अख्ख्या कॉम्प्युटरचा आणि एक भाग प्रत्येक युजरचा वेगळा असतो. युजरचा भाग त्याच्याच फोल्डरमध्ये एका लपवलेल्या फाईलमध्ये साठवलेला असतो.

आज बरेच प्रोग्राम रजिस्ट्रीत थोडंच ठेवतात आणि बाकी सगळं 'अ‍ॅपडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये. विंडोज व्हिस्टापासून हा फोल्डर प्रत्येक युजरच्या नावाखाली असतो आणि तो लपवलेला असल्यामुळे अनेकांनी तो कधी पाहिलेलाच नसतो. विंडोजची की आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत टक्केवारीच्या दोन चिन्हांच्या मधोमध हा शब्द इंग्रजीत टाईप केला, तर तो उघडतो. आत गेल्यावर कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या प्रोग्रामची नावं दिसली तर दचकू नका.

ही विभागणी मुद्दाम केलेली आहे. एका घरात चार जण एकच कॉम्प्युटर वापरत असतील तर वर्ड एकच, पण सेटिंग्ज चार. त्यामुळे ती प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवून चालत नाही. अनइन्स्टॉल करताना सेटिंग्ज न काढण्यामागेही विचार असतो. अनेकदा माणूस प्रोग्राम काढतो तो नवी आवृत्ती टाकण्यासाठी. तेव्हा सगळं पुसलं गेलं तर तोच वैतागेल.

पण याच लपवलेल्या फोल्डरमुळे फॉरमॅटच्या वेळी घात होतो. वर्डमध्ये एखाद्या शब्दाखाली लाल रेघ आली की आपण तो शब्द डिक्शनरीत घालतो. माणसांची, गावांची, आडनावांची नावं अशी वर्षानुवर्षं साठत जातात. ती यादी असते अ‍ॅपडेटामध्ये. 'नॉर्मल' नावाचं वर्डचं मूळ टेम्प्लेट, ज्यात तुमचा नेहमीचा फॉन्ट आणि समास ठरलेले असतात, तेही तिथेच. आउटलुक २००७ पर्यंत तर सगळा ईमेल साठवणारी फाईलसुद्धा ठरल्याप्रमाणे याच लपवलेल्या भागात जायची. २०१० च्या आवृत्तीपासून नव्या खात्यांची ही फाईल डॉक्युमेंट्समध्ये ठेवायला सुरुवात झाली. तोपर्यंत कितीतरी कचेऱ्यांनी 'डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स' असा बॅकअप घेऊन निश्चिंतपणे फॉरमॅट मारला असेल.

मॅकवर गोष्ट फारशी वेगळी नाही. तिथे प्रोग्राम ओढून कचरापेटीत टाकला की काम झालं असं वाटतं, पण त्याची सेटिंग्ज युजरच्या 'लायब्ररी' फोल्डरमध्ये राहतात. २०११ मध्ये आलेल्या लायन आवृत्तीपासून हा फोल्डरही लपवलेला असतो.

लिनक्सवर सेटिंग्जच्या फाईल्स आणि फोल्डरची नावं परंपरेने टिंबाने सुरू होतात, आणि अशा फाईल्स यादीत दिसत नाहीत. युनिक्सच्या घडणीत सहभागी असलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये यामागची मजा सांगितली होती. प्रत्येक फोल्डरमध्ये 'हाच फोल्डर' आणि 'वरचा फोल्डर' अशा अर्थाच्या एक टिंब आणि दोन टिंबं या दोन नोंदी असतात. यादीत त्या दिसू नयेत म्हणून कुणीतरी घाईत 'पहिलं अक्षर टिंब असेल तर दाखवू नको' असा सोपा नियम लिहिला. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाईल आपोआप अदृश्य झाली, आणि लोकांनी तिचा सेटिंग्ज ठेवायला उपयोग सुरू केला. म्हणजे 'लपवलेली फाईल' ही कल्पना तिथे आळसातून जन्मली.

बिघाड सेटिंग्जमध्ये असेल तर उपाय साधा आहे. प्रोग्राम पूर्ण बंद करायचा, त्याच्या सेटिंग्जच्या फोल्डरचं किंवा फाईलचं नाव बदलायचं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा. जुनी सेटिंग्ज सापडली नाहीत की बहुतेक प्रोग्राम नवी कोरी तयार करतात. वर्डचं 'नॉर्मल' टेम्प्लेट खराब झालं तर हाच उपाय चालतो. डिलीट करू नका, नाव बदला, म्हणजे गरज पडली तर मागे येता येतं.

'पूर्ण बंद' म्हणजे काय?

सेटिंग बदलली की ती त्याच क्षणी डिस्कवर लिहिली जाते असं आपण धरून चालतो. तसं नेहमी होत नाही. फायरफॉक्स ब्राउझरचं उदाहरण पाहा. त्याची सेटिंग्ज एका साध्या फाईलमध्ये असतात, आणि त्या फाईलच्या सुरुवातीलाच ताकीद लिहिलेली असते की ब्राउझर चालू असताना इथे काही बदलाल, तर बंद होताना ते पुसलं जाईल. कारण ब्राउझर चालू असताना खरी सेटिंग्ज मेमरीत असतात. डिस्कवरची फाईल ही त्यांची मागची प्रत. बंद होताना ब्राउझर मेमरीतलं सगळं तिच्यावर उतरवतो. अनेक प्रोग्राम असेच वागतात. इंटरनेटवर वाचून एखादी सेटिंग हाताने बदलली आणि ती 'टिकलीच नाही', अशी तक्रार असेल तर हे कारण आधी तपासावं.

याची दुसरी बाजू जास्त त्रासाची आहे. प्रोग्राम अडकला की टास्क मॅनेजर उघडून 'एंड टास्क' दाबायची सवय अनेकांना असते. फुलीवर क्लिक केल्यावर प्रोग्रामला 'बंद हो' असा निरोप जातो. तो फाईल सेव्ह करायची का विचारतो, सेटिंग्ज लिहितो, मग निघतो. एंड टास्कने मात्र बहुतेक वेळा त्याला ही संधी मिळत नाही, प्रोसेस जागच्या जागी संपते. लिनक्सवर हा फरक आकड्यांतच दिसतो. १५ क्रमांकाचा संदेश म्हणजे 'आवरून घे'. ९ क्रमांकाचा संदेश प्रोग्रामला ऐकूही येत नाही, त्याला सरळ संपवलं जातं. त्यामुळे आधी १५, काही सेकंद थांबून मगच ९. मॅकवरच्या 'क्विट' आणि 'फोर्स क्विट'मध्येही हाच फरक.

उलटही होतं. खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नाही. मॅकवर तर ही जुनी रीतच आहे, शेवटची खिडकी मिटली तरी बरेच प्रोग्राम चालूच राहतात. विंडोजवर चॅटचे आणि व्हिडिओ मीटिंगचे बरेच प्रोग्राम फुली दाबल्यावर घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसतात.

'सेव्ह' दाबल्यानंतरचे काही क्षण

फाईल सेव्ह करण्याचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे जुनी फाईल रिकामी करायची आणि तीत नवा मजकूर भरायचा. यात एक भोक आहे. रिकामी करून झाली, भरायची बाकी आहे, आणि तेवढ्यात लाईट गेली तर? जुनंही गेलं, नवंही नाही. म्हणून नीट लिहिलेले प्रोग्राम असं करत नाहीत. ते नवा मजकूर आधी वेगळ्या तात्पुरत्या फाईलमध्ये लिहितात आणि पूर्ण झाला की तिला जुन्या फाईलचं नाव देतात. वर्ड असंच करतो. फोल्डरमध्ये कधीकधी विचित्र नावांच्या फाईल्स क्षणभर दिसून जातात, त्या याच.

एवढी काळजी घेऊनही काय होऊ शकतं, याचा धडा २००९ च्या सुरुवातीला लिनक्सच्या जगाला मिळाला. ईएक्सटी४ ही नवी फाईल सिस्टिम तेव्हा नुकतीच वापरात येत होती. उबुंटूच्या येऊ घातलेल्या ९.०४ आवृत्तीवर ती वापरणाऱ्यांकडून तक्रारी आल्या. कॉम्प्युटर क्रॅश होऊन पुन्हा सुरू झाला की डेस्कटॉपच्या सेटिंग्जच्या कितीतरी फाईल्स शून्य बाइटच्या झालेल्या. नाव आहे, आत काही नाही.

कारण असं होतं. डिस्कवर लिहिणं हे मेमरीच्या तुलनेत फार संथ काम. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला 'लिहिलं' असं सांगून मोकळी होते आणि प्रत्यक्ष मजकूर थोड्या वेळाने डिस्कवर उतरवते. जुन्या ईएक्सटी३ मध्ये हा उशीर साधारण ५ सेकंदांचा असे. ईएक्सटी४ वेग वाढवण्यासाठी मजकूर अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ रोखून धरू शकत होती. पण फाईलचं नाव बदलल्याची नोंद त्याआधीच डिस्कवर जाऊ शकायची. मधल्या वेळात क्रॅश झाला, तर जुन्या फाईलच्या जागी नवी आली, पण तिचा मजकूर अजून मेमरीतच होता, आणि मेमरी तर पुसली गेली.

फाईल सिस्टिमचे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की नियमाप्रमाणे चूक प्रोग्रामची आहे. मजकूर खरोखर डिस्कवर गेला का, याची खात्री करून घेणारी वेगळी आज्ञा असते आणि प्रोग्राम ती देत नव्हते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं म्हणणं, इतकी वर्षं चाललं ते आताच कसं चुकलं? नियमांच्या बाजूने पाहिलं तर त्सो बरोबर होते, पण ज्याचा डेस्कटॉप कोरा झाला त्याला नियम सांगून काय उपयोग? शेवटी त्सो यांनीच व्यवहार पाहिला. त्याच वर्षी आलेल्या लिनक्स कर्नल २.६.३० मध्ये अशा वेळी नाव बदलण्याआधी मजकूर डिस्कवर उतरवायची सोय झाली.

मजकूर रोखून धरण्याचा हाच प्रकार पेन ड्राइव्हच्या बाबतीतही असतो. कॉपी झाल्याचं दिसलं तरी मजकूर अजून वाटेत असू शकतो. २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी ही सवलत सुरुवातीपासून बंद ठेवलेली असते, त्यामुळे धोका कमी झाला. तरी कॉपी चालू असताना ड्राइव्ह ओढला तर फाईल अर्धवटच राहणार.

वर्ड दर १० मिनिटांनी एक बचावाची प्रत काढतो, ती सेव्ह केल्याच्या बदल्यात धरू नये. ती क्रॅशसाठी आहे. 'सेव्ह करू नको' असं तुम्हीच सांगितलंत तर तिचा भरवसा नाही. याउलट वनड्राइव्हवरच्या फाईल्समध्ये ऑटोसेव्ह चालू असेल तर दर काही सेकंदांनी मूळ फाईलच बदलत राहते. जुनं बिल उघडून, आकडे बदलून मग 'सेव्ह अ‍ॅज' करायची सवय असलेल्यांनी इथे जपावं. 'सेव्ह अ‍ॅज' करेपर्यंत जुनं बिल बदललेलं असतं. ते परत मिळवायला व्हर्जन हिस्टरीत जावं लागतं.

'फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे'

हा संदेश विंडोजवर सर्वांना भेटतो. एखादी प्रोसेस फाईल धरून बसली असेल तर सहसा ती डिलीट होत नाही. लिनक्स आणि मॅकवर होते, पण गंमत अशी की नाव गेलं तरी फाईल जात नाही, धरणारी प्रोसेस संपेपर्यंत डिस्कवरची जागा अडलेलीच राहते. विंडोजवर कोण धरून बसलंय हे रिसोर्स मॉनिटरमध्ये फाईलचं नाव शोधून कळतं.

वर्ड आणि लिब्रेऑफिस यांची आणखी एक खूण असते. फाईल उघडली की शेजारी एक छोटी लपवलेली फाईल तयार होते आणि तीत उघडणाऱ्याचं नाव असतं. कचेरीतल्या सामायिक फोल्डरमधली फाईल 'अमुक यांनी उघडली आहे' असं दिसतं ते तिच्यामुळे. प्रोग्राम अचानक बंद पडला की कधीकधी ही चिठ्ठी मागे राहते आणि घरी गेलेल्या माणसाच्या नावावर फाईल अडून बसते. फाईल खरोखर कुणीही उघडलेली नाही याची खात्री करून चिठ्ठी डिलीट केली तर काही बिघडत नाही.

जुना लॅपटॉप देताना

ब्राउझर अनइन्स्टॉल करून लॅपटॉप विकणारे अनेक जण असतात. फायरफॉक्स काढला तरी त्याचं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड, अ‍ॅपडेटामध्ये राहतं. पुढच्या माणसाने त्याच युजर खात्यात फायरफॉक्स टाकला तर ते सगळं उघडू शकतं, प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर पासवर्डसुद्धा. क्रोम काढताना ब्राउझिंगचा डेटाही पुसायचा का, असं विचारणारी एक छोटी चौकट येते. तिच्यावर टिक केली नाही तर डेटा तिथेच. अशा वेळी एकेक प्रोग्राम काढत बसू नये. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'रीसेट धिस पीसी'खाली सगळं काढून टाकायचा पर्याय आहे, त्यात ड्राइव्ह नीट पुसण्याचीही सोय असते. २०२१ च्या माँटेरे आवृत्तीपासून नव्या मॅकवर अशीच सोय सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये मिळते. त्याआधी बॅकअप घ्याल तेव्हा त्यात तो लपवलेला फोल्डरही येऊ द्या.