न दुखणारे इंजेक्शन

प्रयोगशाळेत बेरियम क्लोराइडच्या द्रावणात विरल सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकले की परीक्षानळीत पांढरा साका बसतो. बेरियम क्लोराइड विषारी आहे, तोंडाजवळ नेऊ नका, असे आपण मुलांना बजावतो. पण तोच पांढरा साका, म्हणजे बेरियम सल्फेट, पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी रुग्णाला पेलाभर प्यायला देतात! एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, "मग त्याला विषबाधा कशी होत नाही?" उत्तर परीक्षानळीतच आहे. साका पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात शिरत नाही. आला तसा आतड्यातून निघून जातो. १९१० च्या सुमारास हा क्षार वापरात आला. त्यापूर्वी बिस्मथ सबनायट्रेट देत. आतड्यातील जीवाणू त्यापासून नायट्राइट तयार करीत आणि काही रुग्ण त्यात दगावले होते.

हा खटाटोप कशासाठी? हाडात कॅल्शियम असते. त्याचा अणुक्रमांक २०, म्हणून हाड क्ष-किरण अडवते. रक्त, यकृत, मेंदू हे मात्र मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचे. छायाचित्रात सगळे सारखेच करडे दिसतात. त्यांच्यात आयोडीन (५३) किंवा बेरियम (५६) असा जड अणू नेऊन पोहोचवला, तर पोकळीचा आणि वाहिन्यांचा आकार उमटतो. दवाखान्यात या द्रव्यांना 'कॉन्ट्रास्ट' किंवा नुसते 'डाय' म्हणतात, पण रंगाशी त्यांचा काही संबंध नाही.

पोटाचा प्रश्न बेरियमने सुटला. रक्तवाहिन्यांचा प्रश्न अवघड होता, कारण तेथे द्रव्य थेट रक्तातच सोडायचे. लिस्बनचे एगास मोनिझ यांनी १९२७ साली मानेतील धमनीत द्रावण टोचून जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे चित्र मिळवले. आधी त्यांनी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरले, त्यात एक रुग्ण दगावला. मग सोडियम आयोडाइड आले. चित्रे मिळाली, पण रुग्णाला फार वेदना होत, कधी झटकेही येत.

अशा वेळी जर्मनीतील हायडेन कंपनीचे थोरोट्रास्ट बाजारात आले. ते थोरियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचे कलिल होते. आपल्याकडे जत्रेत आणि वरातीत पेट्रोमॅक्सच्या बत्त्या असत, त्यांच्या मँटलची पांढरीशुभ्र जाळी जळून उरे तीही मुख्यतः याच ऑक्साइडची. थोरियमचा अणुक्रमांक ९०, त्यामुळे चित्रे विलक्षण स्पष्ट येत. आणि टोचताना दुखत नसे! ना झटके, ना उलट्या, ना अंगावर पुरळ. १९३१ पासून मोनिझही ते वापरू लागले. पुढील दोन दशकांत जगभर अनेक देशांत ते टोचले गेले. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांनाही ते दिले गेले.

थोरियम किरणोत्सर्गी आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते, असे समजू नये. ते १८९८ सालीच कळले होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध परिषदेने १९३२ मध्येच या द्रव्याविषयी सावधगिरीचा इशारा दिला होता. पण समोरचा रुग्ण उठून घरी चालत जात होता आणि मेंदूतील गाठ नेमकी कोठे आहे हे सर्जनला दिसत होते. आम्हाला वाटते, त्या डॉक्टरांना निष्काळजी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांनी हिशेब केला होता, मात्र तो त्या आठवड्याचा होता.

शरीराचा हिशेब वेगळा होता. आयोडाइड मूत्रावाटे निघून जाते. थोरियमचे कण मात्र यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी गिळून टाकतात आणि ते तेथेच राहतात. अनेक वर्षांनी, नवे काही न टोचता काढलेल्या छायाचित्रातही अशा रुग्णांचे यकृत आणि प्लीहा पांढरी उमटलेली दिसत. थोरियमचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे, म्हणजे विश्वाच्या वयाएवढे. त्यातून निघणारा अल्फा कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही प्रवास करीत नाही. म्हणूनच त्याचा सारा मारा शेजारच्याच पेशींवर होतो, जन्मभर. थोरियमपासून तयार होणारा थोरॉन वायू या रुग्णांच्या उच्छ्वासात मोजता येई.

१९४७ साली अमेरिकेत थोरोट्रास्ट दिलेल्या एका रुग्णाच्या यकृतातील रक्तवाहिन्यांच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध झाली. मग नोंदी वाढत गेल्या आणि १९५० च्या दशकात वापर थांबला. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान या देशांत जुनी कागदपत्रे शोधून रुग्णांचा मागोवा घेतला गेला. जर्मन पाहणीत सुमारे २,३०० रुग्ण होते; त्यांपैकी ४०० हून अधिक जणांना यकृताचा कर्करोग झाला. द्रव्य न दिलेल्या तुलनेच्या गटात असे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते. टोचणे आणि कर्करोग यांत बहुधा वीस-तीस वर्षांचे अंतर असे.

आयोडीनकडे परत यावेच लागले. १९२९ पासून आयोडीन सेंद्रिय रेणूत बांधून देण्यात येत होते, पण ते क्षार असल्याने पाण्यात त्यांचे आयन होत. आयन जास्त म्हणजे परासरण दाब जास्त. रक्ताच्या पाचपट किंवा त्याहून अधिक. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटते, तसाच प्रकार रक्तवाहिनीच्या अस्तराशी होई आणि रुग्ण कळवळे. स्वीडनचे टॉर्स्टन आल्मेन यांना पोहतानाचा अनुभव आठवला: बाल्टिकच्या मचूळ पाण्यात डोळे झोंबत नाहीत, खाऱ्या समुद्रात झोंबतात. मग आयन न होणारा रेणू का करू नये? १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मांडलेली ही कल्पना नॉर्वेतील एका कंपनीने उचलली. जपानमध्ये ३ लाख ३७ हजारांहून अधिक तपासण्यांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या आयनी द्रव्यांची तीव्र प्रतिक्रिया ०.२२ टक्के, तर नव्यांची ०.०४ टक्के आढळली.

शरीरात मागे राहण्याचा प्रश्न मात्र पुन्हा उभा राहिला, या वेळी एमआरआयच्या गॅडोलिनियमबाबत. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा १९९७ पासून कडक होऊ लागलेली दिसली. २००६ साली त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जोडला गेला. हा धातू रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून देतात. मूत्रपिंडे त्याला वेळेत बाहेर टाकू शकली नाहीत, तर सैल पिंजऱ्यातून तो सुटतो. आता घट्ट पिंजऱ्याची द्रव्ये पसंत केली जातात.

आज सीटी स्कॅनपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. दमा आहे का, पूर्वी इंजेक्शनने त्रास झाला होता का, हे विचारतात. नंतर थोडा वेळ बसवून ठेवतात. या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत, घाईने 'नाही' म्हणू नये. कोळंबी सोसत नाही म्हणून आयोडीनचे इंजेक्शन चालणार नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातील प्रथिनामुळे होते, आयोडीनमुळे नव्हे.