रुग्णवाहिकेचा मक्ता

लोकोपयोगी कामाचा मक्ता देण्याची चाल फार जुनी आहे. नदीच्या उतारावर नाव चालविण्याचा हक्क एकाच नावाड्यास द्यावयाचा, आणि त्याच्या मोबदल्यांत, उतारू एक असो वा पन्नास असोत, त्यांस ठरलेल्या दरानें पैलतीरीं पोंचविण्याचें बंधन त्याजवर घालावयाचें, हें त्या व्यवहाराचें मर्म होय. हक्क आणि बंधन या मक्त्याच्या दोन बाजू आहेत. त्यांतील बंधन गळालें, कीं उरते ती निव्वळ मक्तेदारी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या साठ वर्षांत हीच जुनी पद्धति रुग्णवाहिकांस लागू झाली. अपघाताच्या ठिकाणीं धांवणारी गाडी सर्वांच्या नजरेंत भरते. परंतु अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची ठरल्या वेळीं होणारी ने-आण कोणाच्या फारशी ध्यानांत येत नाहीं. मक्त्याची खरी कसोटी मात्र तेथेंच लागते, असें आम्हांस वाटतें.

या इतिहासाचा आरंभ कांहींसा विलक्षण आहे. १९६६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें अपघाती मृत्यूंसंबंधीं एक अहवाल प्रसिद्ध केला. देशांतील सुमारें निम्मी रुग्णवाहतूक अंत्यविधींचा धंदा करणाऱ्या १२,००० लोकांच्या हातीं आहे, असें त्यांत नमूद होतें. कारण साधें होतें : माणसाला आडवें निजवून नेण्याजोगी गाडी गांवांत बहुधा त्यांच्यापाशींच असे. ज्या गाडींतून प्रेत न्यावयाचें, तिच्यांतूनच जिवंत माणसाला इस्पितळांत पोंचवावयाचें! पुढें गाडी, साहित्य व सेवकांचें शिक्षण यांसंबंधीं नियम झाले, खर्च वाढला, आणि या मंडळींनीं हळूहळू अंग काढून घेतलें. तेव्हां हा भार नगरांवर आणि काउंट्यांवर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांवर, येऊन पडला. कित्येकांनीं स्वतःच्या गाड्या ठेवल्या. कित्येकांनीं खाजगी व्यावसायिकांस पाचारण केलें. दहा जण येथें गाड्या फिरवूं लागले, तर रात्रभर रिकामी उभी राहणाऱ्या आपल्या गाडीचा खर्च कसा निघावा, हा व्यावसायिकाचा प्रश्न रास्त होता. मक्ता हें त्याचें उत्तर. नॉर्थ कॅरोलायना संस्थानाच्या कायद्यानें काउंटीस मक्ते देण्याचा, गाड्यांची संख्या बांधून देण्याचा, क्षेत्रें आंखण्याचा व दर ठरविण्याचा अधिकार दिलेला आहे.

परंतु रुग्णवाहतुकीचीं कामें दोन प्रकारचीं आहेत. तांतडीचें काम कधीं येईल याचा नेम नाहीं, आणि त्याचे पैसे हातीं पडतील याचाही भरंवसा नाहीं. दुसरें काम इस्पितळांतून शुश्रूषागृहांत, तेथून घरीं, असें आधीं ठरवून करावयाचें. त्याचे पैसे बहुधा विम्यांतून येतात. १९७२ सालच्या कायद्यानें मूत्रपिंडें निकामी झालेल्या रोग्यांस, वयाची अट न ठेवतां, सरकारी मेडिकेअर विम्याचा आश्रय मिळाला. डायालिसिस बहुधा आठवड्यांतून तीन वेळां करावें लागतें. आणि दुसऱ्या वाहनानें नेल्यास ज्याच्या प्रकृतीस धोका आहे, अशा रोग्याच्या रुग्णवाहिकेचें भाडेंही हा विमा देतो. म्हणजे अशा एकेका रोग्यामागें वर्षास तीनशेंहून अधिक खेपा! साहजिकच वाद उत्पन्न झाला : मक्ता केवळ तांतडीच्या कामाचा असावा, कीं या कामाचाही? मक्तेदार म्हणे, साय इतरांनीं खाल्ली, तर ताकावर मीं रात्रीचा पहारा कसा करावा? टल्सा नगरांत १९७७ सालीं जॅक स्टाउट यांच्या मांडणीस अनुसरून जी व्यवस्था उभी राहिली, तिचा रोखही दोन्ही कामें एका हातीं ठेवण्याकडे होता.

हा युक्तिवाद खोटा नाहीं. पण अपुरा आहे. तूट भरून निघते ती कोणाच्या जिवावर, हा प्रश्न उरतोच. तांतडीची हांक येतांच गाडी तिकडे वळते, आणि तें योग्यच आहे. तथापि डायालिसिसची खुर्चीही ठराविक तासांपुरतीच रोग्याच्या वांट्यास आलेली असते. गाडी उशिरां आली, तर रक्त शुद्ध होण्याचा अवधि तितका कमी होण्याचा संभव असतो. करारांत तांतडीच्या हांकेसाठीं मिनिटांचें बंधन व दंड असावा, आणि दाराशीं वाट पाहणाऱ्या या रोग्याविषयीं एक कलमही नसावें, तर त्याच्यापुरती ती केवळ मक्तेदारीच. कारण दुसरी गाडी बोलावण्याची सोयही त्याला उरलेली नसते.

कायद्यासही ही अडचण जाणवली. बोल्डर नगराच्या खटल्यांत १९८२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं संस्थानाचें स्पष्ट धोरण पाठीशीं नसेल, तर नगरसंस्थेस मक्तेदारीविरोधी कायद्यांतून सूट नाहीं. कॅलिफोर्नियानें १९८४ सालीं रुग्णवाहिकांच्या मक्त्यांस कायद्याचें कवच दिलें. ठराविक मुदतीनें स्पर्धेंतून निवड करण्याची अट त्यानें घातली. परंतु १९८१ च्या आरंभापासून तेंच काम अखंड करीत आलेल्यांस तींतून वगळलें. केंटकी संस्थानांत नव्या व्यावसायिकास आपली गरज सिद्ध करावी लागते. शेजारच्या ओहायोंतील एका बिनतांतडीच्या रुग्णवाहिकावाल्यानें त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हां २०२३ सालीं संघीय अपील न्यायालयानें केंटकीच्या आंतील वाहतुकीपुरता तो नियम मान्य केला. दोन संस्थानांमधील वाहतूक मात्र अशी समूळ अडवितां येणार नाहीं, असें ठरविलें. या दोन संस्थानांची सीमा एक नदीच आहे. नावाड्याचा जुना प्रश्न पुन्हां नदीकांठींच येऊन उभा राहिला!

मक्ता मुळांतच वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. विरळ वस्तीच्या मुलखांत त्यावांचून गाडीच मिळणार नाहीं, अशी स्थिति असूं शकते. आमचें म्हणणें इतकेंच, कीं जी संस्था रोग्याचा निवडीचा हक्क काढून घेते, तिनें त्याच्या वेळेचें, दराचें व नकार न मिळण्याचें बंधन मक्तेदाराकडून लिहून घ्यावें, आणि तें पाळलें जातें कीं नाहीं हें पाहावें. ज्याचें दुखणें तांतडीचें नाहीं, त्याचाही वेळ मोजलेलाच असतो.