डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’ नेमका दिला कुणी? प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकू येणाऱ्या गोष्टीमागची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर, जालना रोडवरच्या एखाद्या हॉटेलचा हॉल, रविवारची सकाळ. समोर दुकानदार, विमा एजंट, वाळूजला छोटं वर्कशॉप चालवणारे आणि नुकताच धंदा सुरू केलेली पोरं बसलेली. विषय ठरलेला असतो: नेतृत्व, संवाद आणि ग्राहकांशी नातं. वक्ता कुणीही असो, पहिल्या तासाभरात गाडी मुंबईच्या डबेवाल्यांवर येतेच. शिक्षण कमी, कॉम्प्युटर नाही, तरी एक कोटी साठ लाख डब्यांमागे फक्त एक चूक, आणि म्हणून फोर्ब्सने त्यांना सिक्स सिग्मा दिला. मग टाळ्या.

हॉलमध्ये ऐकलं नसेल, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर हे तुमच्याकडे कधी ना कधी आलंच असेल. अडचण एवढीच की फोर्ब्सने असं काही दिलेलंच नाही.

झालं असं की, 1998 साली फोर्ब्स मासिकात सुब्रत चक्रवर्ती यांचा मुंबईच्या डबेवाल्यांवर लेख आला. तेव्हा रोज साधारण 1 लाख 75 हजार डबे जात-येत होते. चक्रवर्तींनी संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना विचारलं, तुमच्याकडून चूक किती वेळा होते? उत्तर मिळालं: जवळपास नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एकदा. चक्रवर्तींनी गणित मांडलं. दोन महिन्यांतले कामाचे दिवस गुणिले डबे, म्हणजे साधारण 80 लाखांत एक चूक. रिकामा डबा घरी परत जातो तीही फेरी धरली, तर 1 कोटी 60 लाखांत एक.

म्हणजे ज्या आकड्यावर आज अख्खं भाषण उभं राहतं, तो मोजलेला नाही. एका माणसाने गप्पांच्या ओघात सांगितलेल्या अंदाजाचा तो गुणाकार आहे. मेदगे खोटं बोलले असं अजिबात नाही. पण चुकांची कुठे नोंद ठेवली होती आणि कुणी ती तपासली, असं काही झालं नव्हतं.

मग सिक्स सिग्मा कुठून आलं? चक्रवर्तींनीच पुढे एका मुलाखतीत सांगितलं की आपण लेखात तो शब्द वापरलाच नव्हता. त्यांच्या कानावर आलं ते असं: एका परिषदेत पत्रकारांनी अध्यक्षांना विचारलं, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? त्यांना तो प्रकार माहीत नव्हता. चुकांचं प्रमाण समजावून सांगितल्यावर ते म्हणाले की मग आम्ही आहोतच, फोर्ब्सला विचारा. पत्रकारांनी मूळ लेख न वाचताच बातमी दिली आणि एका बातमीवरून दुसरी होत गेली. आज आपण फॉरवर्ड करतो तसंच, फक्त तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं.

सिक्स सिग्मा म्हणजे काय?

हे संभाजीनगरकरांना खरं तर वेगळं सांगायला नको. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्यांत क्वालिटीत काम करणारा कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीचा असतो आणि तो दिवसभर ‘पीपीएम’ हा शब्द ऐकत असतो. दहा लाख सुट्या भागांमागे किती खराब निघाले, तो आकडा म्हणजे पीपीएम. सिक्स सिग्मा ही पद्धत 1986 साली मोटोरोला कंपनीत बिल स्मिथ या इंजिनिअरने सुरू केली. तिचं उद्दिष्ट दहा लाख संधींमागे जास्तीत जास्त 3.4 दोष. मोजा, कारण शोधा, दुरुस्त करा, पुन्हा मोजा, असं ते काम चालतं. ती काही मासिकाने द्यायची पदवी नाही.

आता गंमत बघा. रोजच्या साडेतीन लाख फेऱ्यांना हे प्रमाण लावलं तर दिवसाला साधारण एक चूक चालते. दोन महिन्यांतून एक चूक म्हणजे सिक्स सिग्माच्या कितीतरी पुढे! इतका मोठा दावा असेल तर निदान एक वही तरी हवी, असं कुठलाही क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणेल.

आकडा काढून टाकला तर उरतं काय?

बरंच उरतं. माझ्या मते भाषणात सांगायला हवं ते हेच, आणि नेमकं हेच सुटतं.

महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये साधारण शंभर माणसं घेऊन हे काम सुरू केलं. बहुतेक डबेवाले खेड, मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव या भागांतले, घरात वारकरी परंपरा. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांनी 2010 मध्ये त्यांच्यावर केस स्टडी केली आणि 2012 मध्ये लेख लिहिला. त्यांनीही चुका फार क्वचित होतात असंच म्हटलं, पण भर दिला तो कामाच्या रचनेवर. सुमारे 5 हजार माणसं, साधारण 25 जणांचा एक असे 200 गट. प्रत्येक गट आपला कारभार आपण बघतो, मिळकत वाटून घेतो. कुणी आजारी पडलं, कुणी अडकलं, तर सांभाळायला गटात दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात. कागदावर हा खर्च वाया वाटतो. डबा वेळेवर पोचतो तो मात्र त्याच माणसांमुळे.

डब्यावर ग्राहकाचं नाव-पत्ता नसतो. मधला मोठा आकडा म्हणजे डबा पोचवायचा भाग. कडेच्या खुणांमधून इमारत, मजला आणि पोचवणारा माणूस कळतो. रंग आणि आकारावरून डबा कुठल्या स्टेशनचा ते समजतं. बाकीचा पत्ता डोक्यात, कारण तोच माणूस वर्षानुवर्षं त्याच भागात फिरतो. कामावर दारू प्यायली किंवा डोक्यावर पांढरी टोपी नसली तर दंड.

ग्राहकाशी नात्याचं म्हणाल तर सगळ्यात भारी नियम हा: डबा वारंवार उशिरा तयार ठेवणाऱ्या ग्राहकाचं काम डबेवाले सोडून देतात. कारण त्याची थांबलेली पाच मिनिटं लोकल चुकवतात आणि मागच्या सगळ्यांचं जेवण उशिरा पोचतं. ‘ग्राहक देव आहे’ या स्लाइडनंतर हा नियम सांगणारा वक्ता मी अजून ऐकलेला नाही.

डबेवाले स्वतःही वक्ते झाले. मेदगे आणि गंगाराम तळेकर यांनी व्यवस्थापनाच्या संस्थांमध्ये जाऊन आपलं काम समजावून सांगितलं. 2003 मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटून गेले आणि 2005 मध्ये त्यांच्या लग्नाला मेदगे आणि सोपान मरे लंडनला गेले. 2013 चा ‘द लंचबॉक्स’ तर डबा चुकीच्या टेबलावर गेल्यामुळेच घडतो.

भाषणात आणखी एक गोष्ट सुटते. मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली, ऑफिसं घरून चालू लागली आणि डबे थांबले. बरेच डबेवाले गावी शेतीवर परतले, काहींनी मुंबईतच दुसरी कामं धरली. काम पुन्हा सुरू झालं, पण आता समोर वर्क फ्रॉम होम आणि जेवण पोचवणारी अ‍ॅप आहेत आणि डबेवाल्यांची संख्या पूर्वीपेक्षा खूप कमी झाली आहे. स्लाइडवर मात्र अजूनही 5 हजार माणसं आणि 2 लाख डबेच असतात.