गृहशिक्षणाची पद्धती आणि घराची घडण : एकोणिसाव्या शतकातील काही कुटुंबे

शिक्षणाचा इतिहास म्हणून आपण जे लिहितो तो बहुधा शाळांचा इतिहास असतो. शाळेस स्थापनेचा दिवस असतो, हजेरीपट असतो, तपासनीसाचा अहवाल असतो. घरात दिल्या-घेतल्या जाणाऱ्या पाठास यांपैकी काहीच नसल्याने तो अभ्यासकाच्या दृष्टीआड होतो. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये आपल्या इलाख्यातील देशी शिक्षणाची पाहणी करविली, तेव्हा खुद्द मद्रास शहराच्या कलेक्टराने घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या सव्वीस हजारांवर दाखविली. शहरातील शाळांत शिकणाऱ्यांच्या ती सुमारे पाचपट होती. मन्रो यांना हा आकडा फुगलेला वाटला व १८२६ च्या आपल्या टिपणात त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. परंतु घरी आप्तांकडून वा खाजगी शिक्षकाकडून शिकणारांची संख्या मोठी असली पाहिजे, हेही त्यांनी मान्य केले. आकड्याविषयीचा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. ज्या शिक्षणाची नोंद ठेवण्याची सोय नव्हती, ते प्रमाणाने अल्प होते असे समजण्यास आधार नाही.

आज काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे काय, आणि शिकवावयाचे तर आपल्या घरास मानवेल अशी पद्धती कोणती, याचा विचार करू लागली आहेत. प्रश्न नवा भासतो, पण मराठी समाजाने तो एकदा फार निकराने हाताळलेला आहे. गेल्याच्या मागल्या शतकात मुलीस वा पत्नीस शिकवू इच्छिणाऱ्या गृहस्थापुढे हाच प्रश्न उभा होता, आणि त्याची उत्तरे घरागणिक निराळी निघाली. ती का निघाली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. कुलकर्ण्याचा मुलगा बापाच्या शेजारी बसून मोडी लिहिण्यास व हिशेब ठेवण्यास शिके, वैदिकाचा मुलगा घरीच संथा घेई. या घरांत पद्धतीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण घरचा व्यवसाय हाच अभ्यासक्रम होता आणि शिकविणे हे घरच्या दिनक्रमाचाच भाग होते. मुलीच्या अक्षरशिक्षणास मात्र घरात ठरलेली जागा नव्हती, ठरलेली वेळ नव्हती आणि बहुधा शिक्षकही नव्हता. तिन्ही नव्याने निर्माण करावयाची होती, आणि तीही घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. म्हणून गृहशिक्षणाच्या पद्धतीचा अभ्यास करावयाचा तर ग्रंथांपेक्षा घराकडे पाहावे लागते. घरात माणसे किती होती, माडी होती की नाही, सासू कोठे निजत असे आणि घरधन्याची बदली कोठे झाली, हे तपशील येथे गौण नाहीत.

अनंतशास्त्री डोंगरे यांचे उदाहरण काळाने पहिले. मंगळूरकडील हे चित्पावन ब्राह्मण पुण्यास शिकत असता त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकविण्यास जात. स्त्रीच्या मुखातून संस्कृत ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीस शिकविण्याचे मनात घेतले, पण गावी परतल्यावर घरच्यांच्या विरोधापुढे त्यांचे काही चालले नाही. ही पत्नी वारल्यावर उतारवयाकडे झुकलेल्या शास्त्र्यांचा गोदातीरी एका नऊ वर्षांच्या मुलीशी विवाह झाला. तिला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, शिकविण्याबद्दल आक्षेप निघाले तेव्हा त्यांनी उडुपीच्या पंडितसभेपुढे शास्त्राधार मांडून स्वतःचे समर्थन केले. आणि पुढे पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात घर बांधून राहिले. पहिल्या वेळी पद्धती घरास जुळत नव्हती म्हणून ती सोडावी लागली. दुसऱ्या वेळी शास्त्र्यांनी घरच बदलले. ज्यास एकत्र कुटुंबापासून दूर जाण्याचे सामर्थ्य व निमित्त होते त्यालाच हा मार्ग खुला होता, हे विसरता कामा नये.

या घरात २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंना शिकविले ते वडिलांनी नव्हे. वडील तोवर वृद्ध झाले होते. आईने मुलीच्या सुमारे आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत तिला संस्कृत शिकविले. दिवसा घरकाम असल्याने पाठ पहाटे होत आणि ते मुखोद्गत करावयाचे असत. रमाबाईंच्या १८८७ मध्ये फिलाडेल्फियास प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकास रेचल बॉडली यांनी जी प्रस्तावना लिहिली, तीत अरण्यातील पक्ष्यांच्या किलबिलाटात चाललेल्या या पाठाचे मोठे मनोहर वर्णन आहे, आणि तेच मराठी चरित्रकारांनी उचलले. परंतु रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात, आपल्याला आठवते तेव्हापासून आईवडील एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जात होते, असे सांगितले आहे. ते ग्राह्य धरले तर बहुतेक पाठ धर्मशाळांत व देवळांच्या ओवऱ्यांत झाले असले पाहिजेत. हा भेद केवळ स्थळाचा नाही. फिरत्या घराला पोथ्यांचे ओझे फार वागविता येत नाही. मुखपाठाची पद्धती ही परंपरेची देणगी खरीच, पण ती या कुटुंबाच्या भ्रमंतीसही सोयीची होती. पुराणकथनावर त्यांचा चरितार्थ चाले. म्हणजे मुलगी जे पाठ करीत होती ते घरच्या उपजीविकेचे साधनही होते. कन्नड, हिंदुस्थानी, बंगाली या भाषा तिने वाटेत उचलल्या.

या शिक्षणाची थोरवी १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी मान्य केली. त्याची उणीव मात्र स्वतः विद्यार्थिनीनेच नोंदविलेली आहे. बाहेरच्या जगाचा संपर्क मुलांस होऊ नये अशी आईवडिलांची इच्छा होती आणि इंग्रजी वर्ज्य होते. दुष्काळ पडला, पुराण ऐकणारे व दक्षिणा देणारे उरले नाहीत, तेव्हा पोट भरण्याचे दुसरे कोणतेही काम या कुटुंबास येत नव्हते. १८७४ मध्ये आई, वडील व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने मरण पावली. घराशी इतकी एकजीव झालेली पद्धती घर कोसळताच निरुपयोगी ठरावी, ही गोष्ट रमाबाईंच्या गौरवचरित्रांत क्वचितच विचारात घेतली जाते.

माधवराव रानडे यांच्या घरी परिस्थिती याच्या अगदी उलट होती. डिसेंबर १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाई त्यांच्या घरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. माधवरावांनी पुण्यास आल्या रात्रीच धुळाक्षरांस आरंभ केला व पंधरवड्यात मुळाक्षरे संपली, असे त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आहे. पुढे फीमेल ट्रेनिंग कॉलेजातील एक शिक्षिका दिवसा घरी येऊन शिकवू लागली, आणि रात्री माडीवर पतीचा पाठ. १८७७ मध्ये माधवरावांचे वडील वारल्यावर कोल्हापूरचे कुटुंब पुण्यास आले आणि घर बायकांनी भरून गेले. त्यांत सासूबाई होत्या, विधवा नणंद होत्या, इतर आप्त स्त्रिया होत्या.

येथे विरोध कशास होता हे नीट पाहिले पाहिजे. रात्री नवऱ्याने माडीवर काय शिकविले याकडे घर काणाडोळा करू शकत होते. तो पतिपत्नींतील खाजगी व्यवहार मानता येई. दिवसाउजेडी सुनेने पुस्तक उघडणे, आणि तेही इंग्रजी, हा वडील स्त्रियांचा जाहीर अपमान होता. म्हणजे प्रश्न विद्येचा जितका होता तितकाच घरातील अधिकारक्रमाचा होता. जी विद्या सासूजवळ नाही ती सुनेजवळ आली म्हणजे स्वयंपाकघरातील ज्येष्ठतेचा अर्थ काय, हा त्या स्त्रियांचा प्रश्न अज्ञानाचा म्हणून उडवून लावण्याजोगा नाही. माधवरावांनी वडीलधाऱ्यांशी उघड संघर्ष केला नाही. आपली शिकवणी थांबविली नाही आणि पत्नीस मात्र उलट उत्तर न देता सोसण्याचा उपदेश केला. या मार्गाने घर टिकले, शिक्षणही चालले. त्याची किंमत दिवसभर खालच्या मजल्यावर राहणाऱ्या विद्यार्थिनीने दिली. १८७८ मध्ये नाशिकास बदली झाली तेव्हा वडीलधारी मंडळी दूर राहिली आणि अभ्यासाला एकदम मोकळीक मिळाली. समाजसुधारणेच्या इतिहासात सरकारी बदल्यांस काही स्थान असावे असे मला वाटते. पुढे माधवरावांच्या नेत्रविकारामुळे वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंकडे आले. ठरावीक पाठ संपून कामातून शिकणे येथे सुरू झाले, आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभारणाऱ्या रमाबाईंचे खरे शिक्षण मला या दुसऱ्या टप्प्यात दिसते.

गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातील नोकर. १८७४ मध्ये नऊ वर्षांच्या यमुनेशी, म्हणजे आनंदीबाईंशी, लग्न करताना तिला शिकविण्यास हरकत घेऊ नये अशी त्यांची अटच होती. त्यांनीही बदल्यांचा उपयोग केला. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा हा संसार आप्तांपासून उत्तरोत्तर दूर गेला. अनंतशास्त्र्यांप्रमाणे यांनीही घर मोकळे करून घेतले, पण त्या मोकळ्या घरात शिक्षकास आवरणारे कोणी उरले नाही. रानड्यांच्या घरातील गर्दी विद्यार्थिनीस जाचक होती हे खरे. येथे तर जाच शिक्षकाचाच होता. लहानपणी मोडक्या लाकडांनी बसलेला मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या यांचा उल्लेख आनंदीबाईंनी अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या पत्रात आहे. मार्च १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या.

फलावरून पद्धतीचे मूल्य ठरविणारे अभ्यासक येथे अडखळतात. काहींनी गोपाळरावांस द्रष्टा ठरविले, काहींनी क्रूर. त्याच पत्रातील आनंदीबाईंचा निर्णय दोघांपेक्षाही अधिक काटेकोर आहे. अंतिम हेतूच्या दृष्टीने ते वागणे योग्य ठरले असे दिसते, पण बालमनावर होऊ शकणाऱ्या परिणामांच्या दृष्टीने ते चुकीचे होते असे न्यायाने म्हणावे लागते, असा त्या पत्राचा आशय आहे. हेतूचे माप आणि मुलाचे माप ही दोन निरनिराळी मापे आहेत, आणि एकाच्या हिशेबात दुसरे मिळविता येत नाही, हे त्यांनी तेथे स्वच्छ ओळखले. शिक्षणशास्त्राच्या आपल्या अभ्यासक्रमांत हे पत्र वाचावयास ठेवले जात नाही, याचे आश्चर्य वाटते.

‘कुटुंबास मानवणारी पद्धती’ हा शब्दप्रयोगच या उदाहरणांनंतर तपासून घ्यावा लागतो. मानवणारी कोणास? डोंगऱ्यांची पद्धती पित्याच्या श्रद्धेस व घरच्या वृत्तीस मानवत होती. रानड्यांची एकत्र कुटुंबाच्या शांततेस मानवत होती, आणि जोश्यांची एकट्या गोपाळरावांच्या ध्येयास. विद्यार्थिनीस काय मानवेल हे विचारण्याचा प्रसंग तिन्ही घरांत आरंभी तरी आला नाही. याला थोडासा अपवाद काशीबाई कानिटकरांचा. पतीस शिकलेली पत्नी हवी आहे एवढे कळल्यावर त्या बऱ्याच अंशी स्वतःच्याच प्रयत्नाने वाचावयास शिकल्या, त्यामुळे वेग व वाचनाची निवड त्यांच्याकडे राहिली. सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण निराळ्या कारणाने वेगळे पडते. जोतीरावांनी घरी दिलेले शिक्षण घरात राहिलेच नाही. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि शिकलेली पत्नी तेथे शिक्षिका झाली. घराबाहेर ताबडतोब उपयोग असलेल्या शिक्षणास घरातील जागेचा प्रश्न फार काळ भेडसावत नाही.

या सर्व साधनांची एक मर्यादा उघड आहे. ज्यांचे शिक्षण तडीस गेले त्यांनीच आठवणी लिहिल्या, किंवा त्यांचीच चरित्रे लिहिली गेली. माडीवरचा पाठ दोन महिन्यांत बंद पडला अशी घरे किती होती, हे दप्तरांतून निघणार नाही. निघालेच तर जुन्या कौटुंबिक पत्रव्यवहारातून, आणि तो मराठी घरांत अजूनही बराच शिल्लक आहे. अनंतशास्त्र्यांच्या पहिल्या पत्नीस शिकण्याची स्वतःलाही इच्छा नव्हती, असे बॉडली यांच्या प्रस्तावनेत जाता जाता म्हटले आहे. तिचे नावही तेथे दिलेले नाही, आणि तिची बाजू कोणी विचारली होती असे दिसत नाही.