वास्को द गामाची दुसरी फेरी

कोचीला फिरायला जाणारे जोडपे जे पाहते तेच आम्ही दोघांनी पाहिले. एर्नाकुलमच्या धक्क्यावरून बोट पकडली, फोर्ट कोचीला उतरलो, चिनी जाळ्यांसमोर फोटो काढले. मट्टनचेरीत 'डच पॅलेस' पाहिला. नाव डच असले तरी तो पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजासाठी बांधला होता, डचांनी नंतर फक्त डागडुजी केली. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये मात्र आमचा वेळ जरा जास्त गेला.

तिथे जमिनीत बसवलेला एक दगड आहे, भोवती कठडा. १५२४ साली नाताळच्या आदल्या दिवशी वास्को द गामा कोचीत मेला आणि इथे पुरला गेला. पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे कबर रिकामी आहे, तरी फोटोसाठी गर्दी तिथेच. माझी पत्नी शाळेत इतिहास शिकवते. ती म्हणाली, "पहिल्यांदा आला १४९८ ला, ते आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. तिसऱ्यांदा आला तो इथे मेला. मग दुसऱ्यांदा येऊन त्याने काय केले?"

प्रश्न अगदी नेमका होता. ती फेरी १५०२ ची. या खेपेला तो मोठे आरमार घेऊन आला होता. मलबारच्या किनाऱ्याजवळ त्याने 'मीरी' नावाचे जहाज अडवले. मक्केहून हज करून परतणारे यात्रेकरू त्यात होते, बायका होत्या, मुले होती. जौहर अल-फकीह नावाचा धनाढ्य व्यापारीही होता आणि त्याने सुटकेसाठी भरपूर खंडणी देऊ केली. गामाने जहाजावरचा माल लुटून घेतला आणि माणसांसकट जहाज पेटवून दिले. आया आपली तान्ही मुले उंच धरून दयेची याचना करत होत्या, हे लिहून ठेवणारा तोमे लोपेस हा त्याच आरमारातला पोर्तुगीज होता. ही हकिगत मुस्लिमांनी रचलेली आहे असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहत नाही.

त्यानंतर गामा कालिकतला गेला. शहरातल्या सगळ्या मुस्लिमांना हाकलून द्या, अशी त्याने सामुतिरी राजाकडे मागणी केली. राजा हिंदू होता. त्याने ती फेटाळली, तेव्हा गामाने शहरावर तोफा डागल्या.

मग कोचीच्या राजाने पोर्तुगीजांना जागा का दिली? कारण साधे होते. कोची सामुतिरीच्या वर्चस्वाखाली होते, राजाला त्यातून सुटायचे होते, आणि मिरीचा व्यापार कालिकतकडून आपल्याकडे वळला तर हवाच होता. कोचीतले मराक्कार मुस्लिम व्यापारीही सुरुवातीला पोर्तुगीजांना माल पुरवत होते. आज आपण मागे वळून धर्माच्या दोन सरळ रांगा लावतो, तशा त्या तेव्हा नव्हत्याच.

या काळाचा इतिहास शेख जैनुद्दीन मखदूम यांनी अरबीत लिहिला, 'तुहफतुल मुजाहिदीन'. त्यांचे घराणे पोन्नानीचे, पण त्यांचे आजोबा मूळचे याच कोचीतले. ग्रंथाचे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. आत काय आहे? पोर्तुगीजांविरुद्ध जिहादचे आवाहन आहे, पण ते सामुतिरी या हिंदू राजाच्या बाजूने लढण्याचे आहे. हा राजा आपली दौलत या लढाईत ओततो आहे आणि दूरदूरचे मुस्लिम सुलतान मात्र हातावर हात धरून बसले आहेत, अशी शेखसाहेबांची तक्रार आहे. आपल्या लोकांच्या चुकाही त्यांनी झाकल्या नाहीत. १५२४ मध्ये क्रांगानूरच्या ज्यूंवर मुस्लिमांनी केलेल्या हल्ल्याची नोंद त्यांच्या ग्रंथात आहे. नंतर कोचीच्या राजाने आपल्या वाड्याशेजारी ज्यूंना जागा दिली आणि १५६८ मध्ये तिथे सिनेगॉग उभे राहिले. चिनी फरशांसाठी पर्यटक जाते ते हेच.

आपल्या मुलुखाचा धागा इथे जुळतो. शेखसाहेबांनी हा ग्रंथ विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहाला अर्पण केला. चांदबीबीचा नवरा, तोच हा. १५७०-७१ मध्ये त्याने गोव्याला वेढा घातला. त्याचा मेहुणा, म्हणजे चांदबीबीचा भाऊ मुर्तजा निजामशाह, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या पोर्तुगीजांवर चालून गेला. त्याच वेळी खाली सामुतिरीने चालियमचा किल्ला घेरला. गोवा पडला नाही, चौलही पडले नाही. चालियम मात्र सामुतिरीने जिंकले आणि किल्ला जमीनदोस्त केला. रेवदंड्याला सहलीला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की तिथल्या वेढ्याच्या वेळीच मलबारात एक हिंदू राजा याच शत्रूशी लढत होता?

ही एकी टिकली नाही, हेही सांगायला हवे. सामुतिरीच्या आरमाराचे नेतृत्व कुंजाली मराक्कार करत असत. चौथा कुंजाली डोईजड होतोय असे वाटताच सामुतिरीने खुद्द पोर्तुगीजांशी हातमिळवणी केली. जीव वाचवण्याच्या वचनावर कुंजाली राजाला शरण आला, पोर्तुगीजांनी त्याला धरून गोव्याला नेले आणि १६०० मध्ये त्याचा शिरच्छेद केला. गोव्यात वास्को द गामाच्या नावाचे गाव आहे, रेल्वे स्टेशनही आहे. पुढच्या सुट्टीत तिकडे जायचे ठरते आहे, आणि कुंजालीला कुठे मारले ती जागा आधी शोधायची, असे पत्नीने आत्ताच बजावून ठेवले आहे.